दारावर आलेल्यांना नोफॉलो

"पोरी, दारवर जो बी उना, त्याले माघारे धाडानं नही. पहिले पानी द्यानं. त्याना मनमा काय शे, ते देव दखी."

आमच्या सासूबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आम्हा खान्देशी माणसांत कुणाच्या घरी कुणी वारलं की लोक भेटायला जातात, त्याला 'दारावर जाणं' म्हणतात. दारावर आलेला माणूस सात जन्मांचा वैरी असला तरी त्याला सतरंजीवर बसवायचं, तांब्या पुढे करायचा. सासूबाईंनी मला इतकंच सांगितलं होतं. हे इंटरनेटलाही लागू करायचं असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. ती अक्कल माझी!

तर वाचकहो, मी अनुसया. सुरतेच्या पांडेसऱ्यात सगळे मला अक्का म्हणतात. महापालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं मास्तरीण होते, पण आवाज असा, की शेवटच्या बाकावरची मुलं माझे ओठ बघून पाढे म्हणायची. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, तिन्हीसांजेला दिवा, आणि उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मौन. हे मौन सोळा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. एकदा सकाळी शेजारी गॅस गळत होता, तेव्हा मी थाळी बडवून अख्खी चाळ खाली उतरवली, पण तोंडातून अक्षर काढलं नाही!

अशा या गरीब गाईनं जगभरच्या स्पॅमवाल्यांना, कुणाचंही मन न दुखवता, धडा शिकवला होता. निदान महिनाभर तरी मी तसं सगळ्यांना सांगत फिरत होते.

झालं असं. आमची माणसं कारखान्यांच्या मागे विखुरलेली. कुणी पांडेसऱ्यात, कुणी सचिन वसाहतीत, कुणी पार इच्छापोरला. कुणी गेलं की निरोप पोचेपर्यंत दहावा उलटून जायचा. म्हणून आमच्या मंडळानं एक वेबसाइट काढली. माणूस गेला की त्याचा फोटो, गाव आणि विधीची तारीख त्यावर. माझ्या सुनेनं, वर्षानं, ती बनवली. ती रिंग रोडच्या मार्केटात एका साडीवाल्याचं ऑनलाइनचं काम बघते. मजकूर मी लिहायचा. खाली लोकांना चार शब्द लिहायला जागा ठेवली आणि तिला नाव दिलं 'दारावर'. गावाकडचा माणूस सुरतेला येऊ शकला नाही, तरी दारावर येऊन जाईल! कल्पना माझीच. सगळ्यांना इतकी आवडली, की मंडळाचे अध्यक्ष कुंदनभाऊ सभेत दोनदा रडले.

आणि मग दारावर लोक यायला लागले.

पहिला आला तो मागाच्या पट्ट्यात सापडून गेलेल्या एका तरण्या मुलाच्या बातमीखाली. 'अतिशय उपयुक्त माहिती! मित्रांनाही नक्की सांगेन.' खाली कसलीशी निळी लिंक. मला जरा चमत्कारिक वाटलं. पण दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत, हे मी कितीदा पाहिलंय! मी उत्तर लिहिलं, 'आपल्या सांत्वनाबद्दल ऋणी आहोत.'

दुसरा एका म्हाताऱ्या आजोबांच्या बातमीखाली. 'तुमचा अनुभव वाचून मलाही हे लवकरात लवकर करून पाहावंसं वाटतं!'

माझ्या काळजाचं पाणी झालं. मी ताबडतोब लिहिलं, 'बाळा, असं मनात आणू नकोस. घरच्यांशी बोल. माझा नंबर देते. दुपारी बारानंतर कधीही फोन कर.' त्याचा फोन आला नाही. मी तीन दिवस त्याच्या नावानं जप केला. चौथ्या दिवशी तो एका आजीबाईंच्या बातमीखाली जिवंत सापडला! 'खूप छान! पुढचा कार्यक्रम कधी? वाट पाहतोय.'

मी देवापुढे साखर ठेवली.

हे सगळं वर्षाच्या नजरेला पडलं ते एका रविवारी, भाजी निवडताना. मी तिला कौतुकानं म्हटलं, "बघ, ओळख ना पाळख, पण रोज चाळीस-चाळीस माणसं येतात दारावर."

तिनं माझा मोबाइल घेतला. वर-खाली केला. मेथीची जुडी तिच्या हातातून गळली.

"मम्मी! ही माणसं नाहीत, मशीन छे मशीन! तुम्ही टाइल्सवाल्याला दीर्घायुष्य दिलंय!"

"असेल बिचारा टाइल्सवाला."

"अहो, ह्यांना मेलेल्याचं काही नाही. ह्यांना लिंक चिकटवायची असते. चार ठिकाणी लिंक दिसली की गूगलला वाटतं, ही जागा चांगली आहे, लोक हिची शिफारस करतात. मग ते दुकान वर येतं. मी सगळं डिलीट करते."

"दारावर आलेल्याला हाकलायचं नाही, वर्षा."

"मम्मी, तो टकलावर केस उगवायचं तेल विकतोय!"

"विकू दे. पाणी प्यायला तरी आला."

वर्षानं कपाळावर हात मारला. पण पोर हुशार. मेथीची जुडी उचलत म्हणाली, "मग एक करूया. नोफॉलो लावूया."

ते काय, हे तिनं मला मेथीच्या काड्या मांडून समजावलं. लिंकच्या आतल्या लिखाणात एक शब्द घालायचा, नोफॉलो. वाचणाऱ्याला तो दिसत नाही. लिंक जागच्या जागी राहते, दाबली तर उघडतेही. पण गूगलला कळतं, की या घरानं या माणसाची हमी घेतलेली नाही. मग ती लिंक मोजली जात नाही. फायदा नाही म्हटल्यावर असले लोक यायचेच बंद होतात.

मला इतकं आवडलं म्हणून सांगू! म्हणजे आलेल्याला हाकललं नाही. सतरंजीवर बसवलं, तांब्या दिला. फक्त मागे चौकशी झाली, तर सांगायचं, आम्ही यांना ओळखत नाही हो! अहिंसा म्हणतात ती हीच!

त्याच दिवशी वर्षानं झाडून सगळ्या लिंकांना नोफॉलो लावलं. तिच्याकडून मी आणखी दोन गोष्टी करून घेतल्या. एक म्हणजे, ज्याचं नाव एकदा मंजूर झालं, त्याला पुन्हा परवानगी मागायला लागू नये. एकदा येऊन गेलेल्याला दुसऱ्यांदा कडी वाजवायला लावणं बरं दिसत नाही. आमच्या लोकांकडे कुठले ईमेल, म्हणून नुसतं नाव जुळलं तरी पुरे. आणि दुसरं, प्रत्येकाच्या खाली आपोआप उत्तर जावं, 'आपल्या भावना कुटुंबापर्यंत पोचवल्या आहेत. — अनुसयाअक्का.'

वर्षा म्हणाली, "मम्मी, नुसत्या नावावर सोडायचं म्हणजे जरा..."

मी म्हटलं, "विश्वास ठेवावा गं माणसावर."

महिना गेला. चाळीसचे साठ झाले.

"फायदा नाही तरी येतातच कसे गं हे?"

"मशीन कुठे बघतंय नोफॉलो आहे का नाही ते! ते लाख दारांवर फिरतं. एखादं तरी उघडं सापडतंच."

म्हणजे मी मच्छरांसाठी दारावर पाटी लावली होती, 'येथे रक्त मिळणार नाही!' पण तोवर मी मंडळाच्या सभेत या विषयावर वीस मिनिटं बोलले होते. कुंदनभाऊंनी माझा शालीनं सत्कारही केला होता. शाल अंगावर घेतल्यावर माघार कशी घ्यायची?

आणि अशात सुकलालभाऊ गेले.

सुकलालभाऊ आमच्या समोरच्या खोलीतले. आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात वाफेत उभे राहिले आणि शेवटी दम्यानं गेले. मागे बायको कलाबाई, मुलगा लखन आणि सून. बातमी मीच लिहिली. लिहिताना कलाबाई शेजारी बसली होती. तिला वाचता येत नाही. ती हळूच म्हणाली, "अक्का, भाईदासनं नाव टाक व. धाकला भाऊ म्हनीसन."

भाईदास म्हणजे सुकलालभाऊंचा सख्खा भाऊ. नंदुरबारच्या पुढे गावी राहतो. अकरा वर्षांपूर्वी लखनच्या लग्नात माइकवर मानपानाची नावं पुकारताना भाईदासचं राहून गेलं. दूरच्या मावशीच्या जावयाचं घेतलं, बँडवाल्याचं घेतलं, सख्ख्या काकाचं नाही! भाईदास जेवणावरून उठला, तो परत या उंबऱ्यावर चढला नाही. सुकलालभाऊ शेवटच्या आठवड्यात दारात कुणी आलं की मान वर करून बघायचे. आणि मग खाली घालायचे.

मी नाव टाकलं. चौथ्या दिवशी 'दारावर' आलं: 'दादा, मी चुकलो. गंधमुक्तीले येतो. वहिनी, माले माफ कर. — भाईदास.'

गंधमुक्ती म्हणजे आमच्यात तेराव्याला भाऊबंदांच्या कपाळी गंध लावून सुतक उतरवतात ती. मी हे कलाबाईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, त्या दिवशी रडली. म्हणाली, "लखनना कपाळले आनि त्याना कपाळले संगेच गंध लागाले पाहिजे. मंग मी तेस्ना फोटोकडे तोंड वर करीसन सांगसू, तुमना भाऊ उना." तिला बाकी काही नको होतं. भांडीकुंडी, साडी, जेवणावळ, कशाचंच तिला नव्हतं. रोज संध्याकाळी विचारायची, "अक्का, तेराव्याले गाडी कितली वाजता येस?"

तेरावा उजाडला. चाळीच्या बोळात मांडव. पाटावर सुकलालभाऊंचा फोटो. भाऊबंद मुंडण केलेले, टोप्या घालून बसलेले. मी कोपऱ्यात, अर्थातच मौनात. वर्षा मार्केटात हजेरी लावून बारापर्यंत येणार होती.

अकराच्या सुमाराला लखन मोबाइल घेऊन तरातरा मांडवात आला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं आणखी कुणी गेलं.

"ऐका सर्वे! मन्हा काकानी काय लिखेल शे ते ऐका!" आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "'वा! खूप छान बातमी. वाचून मन प्रसन्न झालं. अशाच आणखी बातम्या देत राहा. टकलावर दहा दिवसांत दाट केस, आमच्याकडे अवश्य भेट द्या. भाईदास.'"

मांडवात बारा मुंडण केलेली डोकी. बाराही एकदम त्याच्याकडे वळली.

तेलवाला! पहाटे येऊन गेला होता. भाईदासचं नाव एकदा मंजूर झालेलं, म्हणून त्याला कुणी अडवलं नव्हतं. म्हणजे मीच त्याला कडी वाजवायला न लावता आत सोडला होता!

"आनि खाले अक्कानी लिखेल शे," लखन पुढे वाचत होता, "'आपल्या भावना कुटुंबापर्यंत पोचवल्या आहेत!'"

आता चोवीस डोळे माझ्याकडे.

मी उठले. मोबाइलकडे बोट केलं आणि जोरजोरात हात हलवला. नाही, नाही, नाही!

कुंदनभाऊ उभे राहिले. "अक्का म्हणतात, विधी चालू आहे, मोबाइल बंद करा."

सगळ्यांनी मोबाइल बंद केले. लखननंही केला. पुरावाच बंद! मी पुन्हा हात हलवला. कुंदनभाऊ म्हणाले, "पंखाही बंद करा."

मी पाटापुढची रांगोळी उचलली आणि जमिनीवर मास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'हे यंत्रानं लिहिलं.' लखननं वाचलं. "यंत्राले मन्हा काकानं नाव कसं माहीत, अक्का?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर रांगोळीत मावणारं नव्हतं. तरी मी 'नोफॉ' पर्यंत पोचले होते, तेवढ्यात त्यावरून एक बकरी गेली.

आणि त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी भाईदास उभा राहिला.

वाळून काटकी झालेला माणूस. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. मांडवाच्या बांबूपाशी थांबला. कुणीतरी 'ये' म्हणावं म्हणून थांबला असेल.

लखन आडवा गेला. "आठे काय काम शे तुमनं? आनंद व्हयना ना तुम्हले?"

"काय म्हनस रे?"

"लिखं कोनी? नाव कोनं शे?"

भाईदासनं मोबाइलकडे बघितलं. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. "नाव मन्हं शे. पन मी नही लिखं. मी एकदाच सांगं, आनि मन्ही वैशालीनी लिखं."

"मंग हाई बी तुमनी पोरगीनीच लिखं व्हई!"

"लखन," भाईदासचा आवाज एकदम खाली आला, "माले काय बोलानं ते बोल. पोरगीले मधमा लयू नको."

"चालता व्हा! मन्हा बाप तुमनी वाट दखी दखी मरना!"

कलाबाई आतून उंबऱ्यापर्यंत आली होती. विधी पुरा होईपर्यंत तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण खरं काय ते मला ठाऊक आहे, हे तिनं माझ्या तोंडावरून वाचलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वाचकहो, चार वाक्यं पुरली असती. चार कसली, दोन! माझ्या जिभेवर ती आली होती. पण सोळा वर्षं! गॅस गळतानाही मोडलं नव्हतं! मी देवाला म्हटलं, पन्नास मिनिटं कसंही करून यांना थांबव. देवानं काय करावं? माणसानं तोंड उघडायचं तिथे देवानं घड्याळ ढकलायचं का?

मी पाण्याचा तांब्या भरून भाईदासपुढे धरला. मला तेवढंच सुचलं. तो दोन घोट प्याला. तांब्या खाली ठेवला. मांडवाच्या बाहेरूनच त्यानं फोटोकडे तोंड केलं, आणि वाकताना टोपी काढली.

डोकं गुळगुळीत होतं. गावी नदीवर एकट्यानं त्यानं भावाचा दहावा केला होता.

लखनचा हात हवेतच राहिला. भाईदासनं टोपी घातली, पिशवी उचलली आणि बोळातून निघून गेला. त्याच्या मागे कुणी धावलं नाही. लखन नाही, कुंदनभाऊ नाहीत, मीही नाही. मी तर घड्याळाकडे बघत होते. अकरा वीस.

बारा वाजता मी बोलले. बोलले म्हणजे काय, धबधबा! स्पॅम काय, यंत्र पानावरचीच आधीची नावं कशी उचलतं, मी नुसत्या नावावर दार कसं उघडं सोडलं, आपोआप उत्तर, नोफॉलो, सगळं! वर्षा पोचली होती, तिनं मोबाइलवर दाखवलं. तेच तेल, तीच वाक्यं, आणखी सहा बातम्यांखाली. वेगवेगळ्या मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांच्या नावानं.

"गूगल हे मोजत नाही," मी शेवटी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

तोपर्यंत सगळ्यांच्या कपाळी गंध लागून वाळलं होतं.

कलाबाई उंबऱ्यातच बसून होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, तुन्हं मौन देवनी ऐकं. मन्हं कोन ऐकी?"

सोळा वर्षांचं माझं पुण्य त्या उंबऱ्यावर सांडलं. मला ते वेचायचीही लाज वाटली.

त्या दिवसापासून भाईदासनं फोन उचलला नाही. मी वर्षाला सांगून 'दारावर' बंद करायला लावलं. आता ज्याला भेटायचं असेल त्यानं पायांनी यावं. मौन मी सोडलेलं नाही, पण वेळ बदलली. आता दुपारी बारानंतर पाळते. तेव्हा घरात मालिका चालू असतात, तसंही माझं कुणी ऐकत नाही.

सुकलालभाऊंच्या मासिक श्राद्धाला दोन दिवस राहिले, तेव्हा कलाबाईनं लखनला जवळ बसवलं. मी आणि वर्षा तिथेच भाकरी घेऊन गेलो होतो. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "तू काकाले काढं, तूच माघारे लई ये." लखन तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "लयसू, माय. मासिकना पहिले लयसू."

मी म्हटलं, "लखन, मीही येते. चूक मूळची माझी. भाईदासभाऊंना मी सगळं नीट समजावून सांगते. आधी लिंक म्हणजे काय, मग..."

"अक्का," लखननं हात जोडले, "तुम्ही नका येऊ. तुम्ही समजाडाले लागशात, आनि तो अर्धामाच उठीसन वावरमा निंघी जाई. मी फक्त पाय धरसू."

वर्षा तोंड फिरवून हसली. मीही हसले असते, पण त्याचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळावर पहिल्या नंबराला होते. अंधार अजून पुरता सरला नव्हता. समोरचं दार आवाज न करता उघडलं. लखन बाहेर आला. डोक्यावर बोटभर केस आलेले. त्यानं आत वाकून एकदा बघितलं, दार ओढून घेतलं. मोटारसायकल उभी होती, पण किक मारली नाही. कलाबाईचा डोळा जेमतेम पहाटे चारला लागतो, ते त्याला माहीत होतं. हँडल धरून, पाय न वाजवता, तो गाडी ढकलत बोळाबाहेर निघाला. माझी घागर भरून वाहायला लागली होती, तरी मी नळ बंद केला नाही. त्या आवाजात गाडीच्या चाकांचा आवाज झाकला जात होता.